वाशिष्ठीकाठी लाल कोळंबी

कराडहून चिपळूणला जायचं तर कुंभार्ली घाट उतरावा लागतो. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, पण एसटीत खिडकीची जागा मिळाली तर कंटाळा म्हणून येत नाही. पाटण मागे पडतं, कोयनानगर येतं, आणि थोडं पुढे गेलं की एकाएकी जमीनच संपते! समोर नुसती दरी, आणि दरीच्या तळाशी हिरवंगार कोकण. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी सहावीतली भाची त्या घाटाची वळणं मोजत खाली उतरलो. एकोणीस मोजून झाल्यावर तिला झोप लागली, त्यामुळे एकूण किती ते विचारू नका.

घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागते. इथली एक गंमत सांगते. कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार पूर्वेला बंगालच्या उपसागराला जाते, हे तुम्ही भूगोलात वाचलं असेल. पण धरणात अडवलेलं कोयनेचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे खाली सोडतात. त्यावर वीज तयार होते, आणि काम संपलेलं ते पाणी वाशिष्ठी नदीत येतं. वाशिष्ठी जाते अरबी समुद्राला. म्हणजे एकाच नदीचं पाणी दोन समुद्रांना! भाचीला हे सांगितलं तर ती डोळे चोळत म्हणाली, "मावशी, म्हणजे कोयना आपल्याआधीच चिपळूणला पोचली की."

लोक चिपळूणला परशुरामाच्या दर्शनाला जातात, गोवळकोटचा किल्ला बघायला जातात. आम्ही निघालो होतो झिंग्यांसाठी! भाचीच्या घरी काचेची छोटी टाकी आहे. तिच्यात पाच झिंगे. काचेसारखे पारदर्शक, अंगावर तपकिरी ठिपके. दुकानदाराने "शेवाळं खातात, टाकी साफ ठेवतात" एवढंच सांगून दिलेले. दोनदा त्यांतल्या मादीच्या पोटाखाली अंडी दिसली. दोन्ही वेळा महिनाभराने अंडी नाहीशी झाली, पाण्यात धुळीच्या कणांसारखं काहीतरी उलटं लटकून तरंगताना दिसलं, आणि चार-पाच दिवसांत तेही संपलं. एकही पिल्लू वाचलं नाही. भाचीने तारखांसकट सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. "का मरतात?" हा तिचा प्रश्न होता, आणि मला उत्तर येत नव्हतं. चिपळूणला आमच्या ओळखीचे एक काका राहतात. एसटीतून निवृत्त झाले आहेत आणि घरी कोळंबी पाळतात. पाळतात म्हणजे अक्षरशः शेकड्याने! तेव्हा म्हटलं, चला.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आम्ही देशावरची माणसं ज्याला झिंगा म्हणतो, त्याला कोकणात कोळंबी म्हणतात. बारीक असली तर करंदी. आणि सुकवून चटणी करतात तो जवळा समुद्रातला, आणखीच बारीक. काकांनी दारातच भाचीला विचारलं, "काय गो, झिंगे बघायला आलीस? इथे झिंगे नाहीत हो, कोळंबी आहे."

काकांचं घर बाजारपेठेजवळ. खालच्या खोलीच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक निळी रेघ मारलेली आहे आणि बाजूला तारीख : २२ जुलै २०२१. त्या दिवशी चिपळुणात महापूर आला आणि सारी बाजारपेठ पाण्याखाली गेली. काकांची जुनी टाकी खालीच होती. ती गेली, कोळंब्यांसकट. नवी टाकी आता माडीवर आहे.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, साठेक लिटर पाण्याची टाकी. पहिल्यांदा पाहिलं तर वाटतं, आत फक्त हिरवं गवत आहे. मग डोळे सरावले की एकेक ठिपका हलायला लागतो. लाल! कुंकवासारखा लाल! नखाएवढ्या कोळंब्या पानांवर, दगडांवर, काचेवर, जिथे पाहावं तिथे बसलेल्या. आणि एक क्षण कुणी स्वस्थ बसेल तर शपथ. पुढचे चिमुकले पाय सारखे तोंडाकडे. डावा, उजवा, डावा, उजवा. काकांच्या पत्नी म्हणाल्या, "दिवसभर विणकाम चालू असतं बघ त्यांचं." भाची त्यांना आजी म्हणायला लागली होती आणि काचेला नाक लावून बसली होती ती जेवायला हाक मारेपर्यंत उठली नाही.

ही लाल कोळंबी मूळची तैवान आणि पूर्व चीनमधल्या ओढ्यांतली. इंग्रजीत तिला चेरी श्रिम्प म्हणतात. रानातली कोळंबी अशी लाल नसते बरं का, ती मातकट असते. माणसांनी पिढ्यानपिढ्या त्यातल्या लालसर तेवढ्या निवडून वाढवल्या, तेव्हा हा रंग आला. पूर्ण वाढ दोन-तीन सेंटिमीटर, आयुष्य दीड-दोन वर्षांचं. काकांनी दहा आणल्या होत्या. आता किती आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हलायच्या थांबल्या तर मोजीन."

मादी ओळखायला सोपी. ती मोठी, जास्त लाल आणि पोटाशी गोलसर. अंडी तयार होऊ लागली की तिच्या मानेमागे पिवळट डाग दिसतो, घोड्यावर खोगीर ठेवावं तसा. मग ती कात टाकते. कोळंबीचं कवच वाढत नाही, म्हणून ते मधूनमधून टाकून द्यावंच लागतं. टाकलेलं कवच पाहून पुष्कळ मुलं कोळंबी मेली म्हणून रडतात! ते उचलून टाकू नका. कोळंब्या स्वतःच ते खातात, नव्या कवचासाठी चुना मिळतो त्यातून. तर मादीने कात टाकली की पाण्यात तिचा एक खास वास पसरतो आणि टाकीतले सगळे नर सैरावैरा पोहायला लागतात. पुढे एक-दोन दिवसांत अंडी मानेमागून पोटाखाली आलेली दिसतात. कोकणात माशाच्या अंड्यांना गाभोळी म्हणतात. काका सांगत होते, "ती बघ, त्या दगडावर, गाभोळी घेऊन बसली आहे." पोटाखालच्या पायांनी ती अंड्यांना सारखा वारा घालत होती. ताजं पाणी मिळालं नाही तर अंड्यांवर बुरशी धरते. अंडी साधारण वीस-तीस, आणि हा पंखा तीन-चार आठवडे चालू!

"आणि मग?" भाचीने विचारलं. तिला पुढचंच हवं होतं.

काकांनी भिंग दिलं आणि मॉसच्या झुबक्यावर टॉर्च धरला. तिथे तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, जेमतेम दोन मिलिमीटरची पिल्लं बसली होती. पाय, मिशा, डोळे, शेपटी, सगळं आईसारखं. आणि बसल्याबसल्या विणकाम चालू! उलटं लटकणं नाही, तरंगणं नाही. अंड्यातून बाहेर पडली ती थेट कोळंबी होऊनच.

भाचीने वही उघडली आणि तिच्या टाकीतल्या कोळंबीचं चित्र दाखवलं. काका हसले. म्हणाले, "ही अमानो गो. हिची पिल्लं तुझ्याकडे जगायची नाहीत. का ते आज सांगत नाही. उद्या खाडीवर दाखवतो."

अमानो हे नाव जपानच्या ताकाशी अमानो यांच्यावरून पडलं. ते छायाचित्रकार होते आणि काचेच्या टाकीत वनस्पतींची अप्रतिम रानं उभी करत. टाकीतलं शेवाळं आटोक्यात ठेवायला त्यांनी १९८०च्या दशकात ही कोळंबी वापरायला सुरुवात केली आणि ती जगभर गेली. २०१५ साली ते वारले.

रात्री काकांनी टाकीची सगळी व्यवस्था समजावून सांगितली. पालकांनी हे जरा लक्ष देऊन वाचावं. नवी टाकी भरली की त्याच दिवशी कोळंबी सोडायची नाही. पाणी, वाळू, झाडं आणि फिल्टर चालू ठेवून महिना-दीड महिना थांबायचं. या काळात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू स्पंजवर आणि वाळूत वस्ती करतात. कोळंबीच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे त्यामानाने निरुपद्रवी. या जिवाणूंशिवाय टाकी म्हणजे मोरी नसलेलं घर! फिल्टर स्पंजचाच हवा, कारण दुसऱ्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवतात. पण काही शहरांत क्लोरामीन घालतात, ते असं उडून जात नाही. तिथे दुकानात मिळणारं औषध वापरावं लागतं.

तांबं मात्र कोळंबीला काळ! आपल्या रक्तात लोह असतं, कोळंबीच्या रक्तात तांबं असतं, म्हणून ते निळसर असतं. तरीही पाण्यात तांबं उतरलं तर ती मरते. तांब्याच्या कळशीतलं पाणी नको. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, तीही नकोत. आणि खोलीत डास मारायचा फवारा कधीही मारू नये. जे डासाला मारतं ते कोळंबीलाही मारतं, दोघांची जातकुळी तशी जवळचीच.

खाणं अगदी थोडं. शेवाळं आणि पानांवरचा बुळबुळीत थर हेच त्यांचं मुख्य जेवण. काका आठवड्यातून दोनदा उकडलेल्या पालकाचा तुकडा टाकतात आणि तीन तासांनी उरलेला काढून घेतात. शिवाय बदामाचं पान. आपल्याकडे अंगणात छत्रीसारखा वाढतो ना, तो देशी बदाम. त्याचं झाडावरून आपोआप गळलेलं वाळकं पान धुऊन टाकीत सोडायचं. ते हळूहळू कुजतं आणि पिल्लं त्याच्यावर चरतात. कोकणात ही पानं झाडून फेकतात, तर काही लोक ती पाकिटात घालून विकतात!

उन्हाळ्याची मात्र काळजी घ्यावी लागते. या कोळंबीला बावीस ते पंचवीस अंश पाणी मानवतं. पाणी तिशीच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. काका मे महिन्यात टाकीचं झाकण काढून वर लहानसा पंखा लावतात. माठातलं पाणी गार होतं तसंच टाकीतलं पाणी बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतं. आणि टाकीत मासे नकोत. मासा कितीही गरीब दिसला तरी पिल्लू तोंडाजवळ आलं की गिळतोच.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघालो. भाचीच्या पिशवीत तीन रिकाम्या बाटल्या, एक उंच पेला आणि सरबताची एक नळी. नळीच्या खालच्या टोकाला खेळण्यातल्या मातीची गोळी लावून तोंड बंद केलेलं, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगते. घरी नळाच्या पाण्यात ती जिथवर बुडाली तिथे पेनने रेघ मारली होती. पाणी जितकं खारट तितकं जड, आणि जितकं जड तितकी नळी वर उचलली जाते. आमच्या शाळेत चौथीची मुलं हा प्रयोग करतात. तुम्हीही मीठ घालून करून पाहा.

पहिली बाटली गोवळकोटच्या धक्क्यावर भरली. भरती-ओहोटी इथवर जाणवते, पण पाणी जवळजवळ गोडंच निघालं. नळी रेघेपाशीच थांबली. इथे वाकून बाटली भरायची नाही हं! वाशिष्ठीत मगरी आहेत. आमची बाटली एका होडीवाल्याने लांबून भरून दिली. समोरच्या चिखलाच्या काठावर ओंडका पडलेला दिसत होता. त्या ओंडक्याने जांभई दिली तेव्हा भाचीने माझा हात घट्ट धरला.

दुसरी बाटली परचुरीला. तिथे खाडी रुंद होते, काठाला कांदळवन दिसायला लागतं. नळी रेघेच्या थोडी वर आली. आणि तिसरी धोपाव्याच्या धक्क्यावर, जिथून समोरच्या दाभोळला फेरीबोट जाते. वाहनं, माणसं, माशांच्या पाट्या सगळं एकत्र त्या बोटीत चढत होतं. इथे नळी रेघेच्या तीन मिलिमीटर वर. पुढे खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड, आणि मग मोकळा समुद्र.

फेरीबोटीत कठड्याला टेकून काकांनी आदल्या दिवशी राखून ठेवलेलं उत्तर दिलं. अमानो कोळंबी जपानच्या नद्यांत राहते. मादी नदीतच अंडी सोडवते, पण त्यातून निघतात त्या कोळंब्या नसतात, त्या असतात अळ्या. उलट्या लटकत त्या प्रवाहाबरोबर वाहत समुद्राला जातात. खाऱ्या पाण्यातच त्यांची वाढ होते. काही आठवड्यांनी कोळंबीचं रूप आलं की मग त्या पुन्हा नदी चढायला लागतात. भाचीच्या टाकीत समुद्र कुठून येणार?

"आपल्याकडची मोठी कोळंबी पण तसलीच," काका म्हणाले. कोकणातल्या नद्यांत जी हातभर निळ्या नांग्यांची कोळंबी मिळते, हॉटेलवाले जिला स्कॅम्पी म्हणतात, ती वाढते गोड्या पाण्यात. नर तर तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मोठ्या मादीच्या पोटाखाली ऐंशी हजार ते लाखभर अंडी असतात. ती घेऊन ती खाडीकडे उतरते, कारण अळ्यांना निमखारं पाणी लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं, यांना बारा-चौदा ग्रॅमच्या आसपास पुरतं. अकरा अवस्था पार केल्या की अळीची कोळंबी होते. ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही पुष्कळ दिवस कळली नव्हती. भाचीसारखाच अनुभव त्यांनाही येत होता, अंडी फुटायची आणि अळ्या मरायच्या. शेवटी १९६१ साली मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग यांना उमगलं की या अळ्यांना खारेपणा हवा आहे. त्यातून पुढे कोळंबीची शेती उभी राहिली.

"मग वाटेत बंधारा असला तर?" भाचीने विचारलं.

"तर वर कोळंबी नाही," काका म्हणाले. लहान पिल्लं ओल्या दगडावरून सरपटत चढू शकतात, पण उंच कोरड्या भिंतीपुढे त्यांचं काही चालत नाही. समुद्रापासून फार लांब राहणाऱ्या काही जातींनी मात्र दुसरीच युक्ती काढली आहे. अंडी थोडी घालायची, पण मोठी. पिल्लाचं सगळं बालपण अंड्यातच उरकून टाकायचं. काकांची लाल कोळंबी या जातीची. लाख अंड्यांऐवजी तीस, पण त्यातून निघालेल्या पिल्लाला समुद्र बघावा लागत नाही.

भाचीने लगेच हिशेब केला. "तीस पिल्लं, ती अडीच-तीन महिन्यांत मोठी. मग त्यांची तीस-तीस. टाकी भरली की जास्तीची इथे सोडली तर? केवढी जागा आहे!"

काका एकदम गंभीर झाले. जर्मनीत गिलबाख नावाचा एक ओढा आहे. वीजकेंद्राचं कोमट पाणी त्यात येतं, म्हणून तो थंडीतही गोठत नाही. तिथे कुणीतरी टाकीतल्या या कोळंब्या सोडल्या आणि त्या ओढ्यात कायमच्या राहिल्या. आपल्याकडे तर सगळेच ओढे कोमट! इथली करंदी जे शेवाळं खाते तेच ही खाणार. टाकीतले रोग बरोबर नेणार ते वेगळंच. "पुरात माझी टाकी गेली, तिथे माझा इलाज नव्हता. पण हाताने कधी एक कोळंबी नदीत सोडली नाही, गटारात पण नाही. गटार शेवटी इथेच येतं." जास्त झालेल्या कोळंब्या ते मुलांना वाटतात, आणि घेणाऱ्याची टाकी महिनाभर चालू आहे ना, हे विचारल्याशिवाय देत नाहीत.

भाचीची टाकी तर दोन वर्षं चालू होती. मासाही नव्हता. एवढं कळल्यावर काका तयार झाले. तिने टाकीत मीठ घालून अमानोची पिल्लं जगवता येतील का, हेही विचारून घेतलं. त्याचं उत्तर असं की, लोक ते करतात, पण वेगळ्या भांड्यात, समुद्राचं खास मीठ घालून, रोज सूक्ष्म हिरवं शेवाळं खाऊ घालून, आणि अळीची कोळंबी झाली की पुन्हा गोड्या पाण्यात आणून. सहावीच्या वर्षात नको, असं मी ठरवलं. तिच्या पाच अमानो पूर्वीसारख्याच शेवाळं खात राहतील. लाल कोळंब्यांशी त्यांचं भांडण नाही.

परतीच्या सकाळी काकांनी बारा कोळंब्या दिल्या. दोन लिटरच्या बाटलीत अर्धंच पाणी, वरची अर्धी जागा हवेला. आत मॉसचा एक झुबका, एसटीच्या धक्क्यांत धरून बसायला. बाटलीला ओला पंचा गुंडाळलेला. सोबत कागदावर सूचना : घरी पोचल्यावर बाटली एकदम टाकीत ओतू नये. कोळंब्या बाटलीतल्या पाण्यासकट वाडग्यात काढाव्यात, बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब दोन तास त्यात सोडावं, मग जाळीने कोळंब्या तेवढ्या उचलून टाकीत ठेवाव्यात. पहिले दोन दिवस खायला देऊ नये. दिसल्या नाहीत तरी दगड उचलून शोधू नये.

कंडक्टरने बाटलीकडे पाहून विचारलं, "काय आहे त्यात?" भाचीने मॉस बाजूला करून दाखवलं. तो वाकून बघत राहिला आणि मागच्या माणसाचं तिकीट काढायचं विसरला.